बायबलच्या शेजारी दुसरा ग्रंथ



आपल्या अभ्यासवर्गात नियमित येणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न महिनाभर माझ्याकडे पडून होता. तो जन्माने ख्रिस्ती, घर अहिल्यानगरकडचे. रविवारी न चुकता उपासनेला जातो आणि गुरुवारी आपल्याकडे ध्यानाला येतो. त्याने विचारले होते, “काका, बायबलबरोबर मी नॉस्टिक ग्रंथही अभ्यासावेत का? आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, खरा येशू तिथेच सापडतो. आमचे पाळक म्हणतात, हातही लावू नकोस. मी कोणाचे ऐकू?”

उत्तर लगेच देता आले असते. दिले नाही, कारण याच विषयावर मी पूर्वी एकदा फार घाईने उत्तर दिले होते, आणि तेही कोणी विचारलेले नसताना.

त्या गोष्टीला नऊ-दहा वर्षे झाली. नाताळच्या सुमारास आपल्या केंद्रात प्रभू येशूंवर माझे प्रवचन होते. थोमाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर मी नुकतेच वाचले होते आणि त्या भरात होतो. मी सांगून टाकले की, येशूंची खरी शिकवण अंतर्ज्ञानाची होती. सन ३२५ मध्ये निकायाच्या परिषदेत सम्राटाच्या हुकमाने ती बायबलमधून काढून टाकली गेली आणि उरले ते अर्धवट पुस्तक. सभेत मान डोलत होत्या. मलाही बरे वाटत होते. कार्यक्रम संपल्यावर एक ख्रिस्ती ताई जवळ आल्या. तीन वर्षे त्या आपल्याकडे येत होत्या, सभागृहातल्या सतरंज्या घालण्यापासून सगळे करीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “काका, माझ्या आजीने शेवटपर्यंत उशाशी ठेवलेले पुस्तक अर्धवट आहे, असे आज मला तुमच्याकडून कळले.” नमस्कार करून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढे अभ्यास केल्यावर कळले की, माझे सांगणे कठोर तर होतेच, चूकही होते. निकायाच्या परिषदेत बायबलची पुस्तके ठरली नाहीत. तिथला वाद पित्याचे आणि पुत्राचे नाते काय, याचा होता. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चारच शुभवर्तमाने मंडळीने धरावीत, हे लिऑनचे बिशप इरेनियस यांनी सन १८० च्या सुमारासच लिहून ठेवले होते. तेव्हा ख्रिस्ती सम्राट कुठे होता? उलट ख्रिस्ती लोकांना मारणारे सम्राट होते.

हे ओझे मनात असतानाच गेल्या पौषात दक्षिणेच्या यात्रेत तंजावरला जाणे झाले. आपण मराठी माणसे तंजावरला गेलो की बृहदीश्वराचे दर्शन घेतो आणि मग भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहायला जातो. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा लेख दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. मीही तो पाहिला. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, शिवगंगा तळ्याजवळ, एक जुने चर्च आहे. त्याला श्वार्ट्झ चर्च म्हणतात. यात्रेकरू सहसा तिकडे वळत नाहीत. आत संगमरवरात कोरलेला एक देखावा आहे. इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांचे ते काम. अंथरुणावर एक वृद्ध पाद्री अखेरच्या क्षणी पहुडला आहे आणि एक मराठा राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. तो राजा म्हणजे देवळाच्या भिंतीवर आपली वंशावळ कोरून घेणारेच सरफोजी.

यामागची कथा माहीत असावी. राजे तुळजाजी यांना पुत्र उरला नाही. १७८७ मध्ये मरणापूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ करण्याची विनंती ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला केली. गादीवर मात्र अमरसिंह आले आणि मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडून ठेवले, शिक्षण बंद पाडले. श्वार्ट्झ यांनी मध्ये पडून त्याला १७९३ मध्ये मद्रासला हलवले आणि शिकवले. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. गुरूच्या थडग्यावरच्या इंग्रजी काव्यओळी महाराजांनी स्वतः रचल्या.

आता विचार करा. बापाचे छत्र नाही, राज्य हातचे गेलेले, आणि ज्याने जीव वाचवला तो माणूस रोज बायबल वाचणारा. अशा मुलाने बायबल हाती घेतले असणारच. अनेक मिशनऱ्यांना आशाही होती की, हा राजा एक दिवस बाप्तिस्मा घेईल. सरफोजींनी तो घेतला नाही. ते शिवभक्त राहिले, मंदिरांची कामे त्यांनी केली, १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. आणि त्याच वेळी ख्रिस्ती मुलांच्या शाळेला ते मदत देत राहिले. त्यांच्या सरस्वती महालात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, तशीच मोडीतली दप्तरेही. शिवाय युरोपीय भाषांतली हजारो छापील पुस्तके त्यांनी मागवली. त्यांच्याच छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. (महाराष्ट्रात तेव्हा मराठी पुस्तकांच्या छपाईचा पत्ता नव्हता, हे आपण विसरतो.) एकाच छताखाली इतके ग्रंथ राहिले. कोणता ग्रंथ आपला, हा गोंधळ मात्र महाराजांच्या मनात झाल्याचे दिसत नाही.

याच गुरूचा दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्रियार. सरफोजींपेक्षा तीन वर्षांनी मोठा, ख्रिस्ती, तमिळ कवी. पुढे सरफोजींच्या दरबारात त्यांना मान मिळाला. तमिळ ख्रिस्ती मंडळींत एक आख्यायिका अजून सांगतात. महाराजांनी त्यांना बृहदीश्वराच्या स्तुतीपर काव्य रचायला सांगितले. शास्त्रियार घरी गेले, रात्रभर तळमळले आणि दुसऱ्या दिवशी दरबारात येशूंच्या स्तुतीचे पद घेऊन उभे राहिले. आख्यायिका म्हणूनच ऐकावी. पण या माणसाचा एक ग्रंथ पाहा. ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे त्यांचे १८०० मधले काव्य. कुरवंजी हा तमिळ देवळांतला, देवाच्या विरहात झुरणाऱ्या नायिकेचा आणि भविष्य सांगणाऱ्या कुरव बाईचा काव्यप्रकार. तो घेऊन शास्त्रियारांनी ख्रिस्तकथा गायिली. शेजारच्यांचे साहित्य त्यांना उत्तम येत होते, म्हणून तर ते जमले. श्रद्धेची जागा मात्र त्यांनी सोडली नाही.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण आहेच. तुकोबांवरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी गाथा बाजूला टाकली नाही. बायबलच्या शेजारी दुसरा ग्रंथ असणे ही मराठी ख्रिस्ती घरांना नवी गोष्ट नव्हे.

याला विरोध झालेला नाही असेही नाही. तंजावर राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी आहे, डेन्मार्कच्या लोकांची जुनी वखार. तिथे १७०६ मध्ये बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग हा तरुण जर्मन पाद्री उतरला. नवा करार त्याने तमिळमध्ये आणून १७१५ पर्यंत छापून पुरा केला. त्याच काळात तो तमिळ पोथ्या जमवून वाचीत होता. दक्षिणेतल्या देवदेवतांवर त्याने १७१३ मध्ये मोठा ग्रंथ लिहून मायदेशी पाठवला. तिथल्या वडिलधाऱ्यांनी तो छापायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, मूर्तिपूजा उखडायला तुम्हाला पाठवले, ती युरोपात पसरवायला नव्हे. तो ग्रंथ छापला गेला १८६७ मध्ये, मद्रासला, लेखक जाऊन जवळपास दीडशे वर्षे झाल्यावर. त्या वडिलधाऱ्यांची भीती आणि आपल्या तरुणाच्या पाळकांची भीती एकच आहे. भीतीला हसू नये. ज्याच्यावर शंभर घरांची श्रद्धा सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्याला ती वाटणारच. पण त्सिगेनबाल्गचा विश्वास त्या पोथ्यांनी ढळला नाही, हेही खरे.

आता मूळ ग्रंथांकडे येऊ, कारण ज्याबद्दल वाद घालायचा ते काय आहे हे माहीत असलेले बरे.

‘नॉस्टिक’ हा शब्द ग्रीक ‘ग्नोसिस’वरून आला. त्याचा अर्थ ज्ञान, आणि आपला ‘ज्ञा’ धातू त्याचाच भाऊ. ख्रिस्तानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत गुप्त ज्ञानाने मुक्ती मानणारे अनेक पंथ होते. सगळ्यांना मिळून हे नाव दिले जाते, पण ते एकमेकांसारखे नव्हते. शेकडो वर्षे त्यांच्याविषयी जे कळे, ते बहुतांशी इरेनियसांसारख्या विरोधकांच्या खंडनातून. आपल्याकडे चार्वाकाचे तसेच झाले. त्याचे स्वतःचे ग्रंथ गेले आणि माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या ग्रंथांतून, म्हणजे खंडन करणाऱ्यांकडून, तो आपल्याला भेटतो. मग डिसेंबर १९४५ मध्ये दक्षिण इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ शेतकऱ्यांना मातीचा मोठा रांजण सापडला. आत चामड्यात बांधलेल्या, कॉप्टिक भाषेतल्या तेरा पोथ्या होत्या. त्यातली काही पाने घरच्या चुलीत गेली असे सांगतात. उरलेल्यांत पन्नासच्या आसपास लेख आहेत, त्यांत थोमाचे शुभवर्तमानही आहे. (आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा एक तुकडाही आहे. म्हणजे रांजणातले सगळेच नॉस्टिक नाही.) या पोथ्या चौथ्या शतकातल्या. जवळच ख्रिस्ती साधूंचे मठ होते, आणि तिथल्याच कोणी त्या पुरल्या असाव्यात असे काही अभ्यासकांना वाटते.

त्या रांजणामुळे एक न्याय झाला. विरोधकांच्या तोंडून ऐकलेली माणसे स्वतःच्या आवाजात बोलू लागली. अभ्यास करावा, या बाजूने माझ्याजवळ हे सगळ्यात मोठे कारण आहे.

पण ऐकायचे तर सगळे ऐकावे. थोमाच्या शुभवर्तमानात येशूंची ११४ वचने आहेत. देवाचे राज्य आत आहे आणि बाहेरही आहे, अशा अर्थाचे वचन त्यात आहे. आपल्या साधकांना ते फार आवडते, फलकावर लिहिले जाते. शेवटचे वचन मात्र कोणी फलकावर लिहीत नाही. त्यात मरियेला स्वर्गाच्या राज्यासाठी आधी पुरुषासारखे व्हावे लागेल, असा आशय आहे. मी त्या प्रवचनात पहिले सांगितले, शेवटचे गाळले. सभेत निम्म्याहून अधिक भगिनी होत्या. शिवाय या ग्रंथात येशूंचा जन्म नाही, रोग्यांना बरे करणे नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. फक्त बोल आहेत. क्रूसाशेजारी उभी राहिलेली आईसुद्धा नाही.

‘योहानाचे गुप्त पुस्तक’ तर आणखी पुढे जाते. त्यात हे जग निर्माण करणारा देव अडाणी आणि गर्विष्ठ आहे. त्याचे तोंड सिंहाचे, धड सापाचे, आणि आपल्यावर कोणी नाही अशी तो बढाई मारतो. माणसाचे शरीर म्हणजे त्याने रचलेला तुरुंग. काही पंथांत माणसांच्या जातीच पाडलेल्या होत्या. काही जन्मतः ज्ञानाचे, काही मधले, आणि काही नुसती माती, त्यांना सुटका नाही.

आपल्याला वाटते, हे मायावादासारखेच झाले. मलाही वाटले होते. नीट पाहिल्यावर उलटे दिसले. ज्ञानेश्वर माउलींनी अमृतानुभवात जगाला चिद्विलास म्हटले, म्हणजे चैतन्याचा खेळ. कोणा दुष्टाने केलेली चूक नव्हे. वारकरी देहाला तुरुंग म्हणून वाळवीत बसत नाही, त्याच देहाने पंढरीची वाट चालतो. आणि बायबल पहिल्याच अध्यायात सांगते की, देवाने जे केले ते चांगले होते. योहान सांगतो की, शब्द देह झाला. म्हणजे या एका प्रश्नावर माउली आणि योहान एका बाजूला आहेत आणि ज्यांना आपण ‘आपल्यासारखे’ म्हणून मिरवतो ते नॉस्टिक दुसऱ्या बाजूला. मतभेद पुढे पुष्कळ आहेत, ते झाकायचे नाहीत. पण ताईंच्या आजीचे पुस्तक अर्धवट ठरवून मी ज्याची बाजू घेतली होती, तो माझ्या घरचा नव्हता.

आता कोणी म्हणेल, मग पाळक म्हणतात तसे हातच लावू नये. त्यावर थोमाचीच दुसरी गोष्ट सांगतो. चेन्नईजवळ सेंट थॉमस माउंट आहे, देशभरचे ख्रिस्ती भक्त तिथे जातात. प्रेषित थोमा भारतात आले, ही केरळची मौखिक परंपरा आहेच. पण त्यांच्या भारतातल्या कार्याची जुनी लिखित कथा कुठे आहे? ‘थोमाची कृत्ये’ या तिसऱ्या शतकातल्या सिरियाकडच्या ग्रंथात. तो बायबलमध्ये नाही. पुढे मंडळीने त्याला नाकारलेल्या ग्रंथांत टाकले. त्यातल्या मोत्याच्या गीताला तर नॉस्टिक छटा आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. आईबापांनी मोती आणायला धाडलेला राजपुत्र परदेशी स्वतःलाच विसरतो आणि घरून आलेल्या पत्राने जागा होतो, अशी ती कथा. त्याच ग्रंथात थोमा गोंडोफारेस राजाने महालासाठी दिलेला पैसा गरिबांना वाटून टाकतात आणि महाल स्वर्गात बांधला असे सांगतात. कित्येकांना हा राजा काल्पनिक वाटे. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणी मिळाली. नाकारलेल्या पुस्तकाने खऱ्या राजाचे नाव सोळा-सतराशे वर्षे सांभाळले होते.

तर त्या तरुणाला मी जे लिहिले ते असे.

“वाच. पण आधी तुझे चार पुरे कर. शुभवर्तमाने आपल्याला पाठ आहेत असे वाटते, पण आपण ती तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली असतात. एक मार्क घे आणि एका बैठकीत सलग वाच, दोनेक तास लागतील. मग थोमा वाच, तोही सगळा, फोनवर फिरणारी सुट्टी वचने नकोत. जवळपास निम्मी वचने तुझ्या ओळखीची निघतील. ती कुठे जुळतात आणि उरलेली कुठे वेगळी होतात, यावर खूण कर. पाळकांपासून लपवू नकोस. त्यांना सांग की मी हे अभ्यासासाठी वाचतो आहे, आणि अडले तर त्यांना विचार. सन ३६७ मध्ये अथानासियस या बिशपांनी पत्र लिहून नव्या कराराची २७ पुस्तके सांगितली. नॉस्टिकांच्या गुप्त पुस्तकांना त्यांनी कडक शब्दांत दूर ठेवले. तरी त्याच पत्रात त्यांनी एक मधला वर्ग केला आहे. शास्त्रात नाहीत, पण नव्याने येणाऱ्यांना वाचायला चांगली, अशी पुस्तके. म्हणजे उपासनेत काय वाचायचे आणि घरी काय वाचायचे, हे दोन प्रश्न तेव्हाही वेगळे होते. आमच्याकडे सप्ताहात व्यासपीठावर ज्ञानेश्वरी असते. म्हणून कीर्तनकाराच्या घरी दुसरे पुस्तक नसते असे नाही. पण ते पुस्तक तो व्यासपीठावर आणत नाही. थोमा तुझ्या टेबलावर राहू दे. उशाशी काय ठेवायचे, ते तुझे तुला माहीत आहे.”

आणि आपल्यासाठी, म्हणजे जे जन्माने ख्रिस्ती नाहीत पण येशूंवर प्रेम करतात त्यांच्यासाठी, माझे सांगणे थोडे कडक आहे. आपण हे ग्रंथ वाचतो ते पुष्कळदा येशूंसाठी नसतेच. आपलेच म्हणणे येशूंच्या तोंडून ऐकायला मिळावे म्हणून असते. मग तेवढीच वचने घेऊन आपण ख्रिस्ती मित्राकडे जातो आणि त्याचा धर्म त्यालाच समजावून सांगू लागतो. आपल्याला कोणी येऊन म्हणाले की, तुमची गीता खरी नव्हे, खरी गीता लपवली गेली, ती मी वाचली आहे, तर कसे वाटेल? श्वार्ट्झ यांच्यापाशी राज्याचा वारस वाढत होता. तो त्यांचे पुस्तक वाचत होता आणि त्यांच्यावर जीव लावून होता. तरी तो शिवभक्तच राहिला, आणि दोघांनी एकमेकांचा हात सोडला नाही. त्या चर्चमध्ये मी बराच वेळ त्या दोन हातांकडे पाहत उभा होतो. चौकीदाराने येऊन वेळ संपल्याचे सांगितले.

तंजावरहून परतल्यावर ताईंचा पत्ता शोधला. पत्रात निकायाची चूक लिहिली, गाळलेले वचन लिहिले आणि क्षमा मागितली. पुन्हा या, असे लिहिण्याचा धीर झाला नाही. एवढेच लिहिले की, त्या तरुणासाठी मार्क आणि थोमा शेजारी ठेवून चार गुरुवार बसायचे ठरले आहे, आणि मार्क शिकवायला माझ्यापेक्षा जाणते कोणी हवे आहे.

पंधरा दिवसांनी उत्तर आले, पोस्टकार्डावर. “येते. आजीचे बायबल आणीन, त्याचा टाइप मोठा आहे. तुमचा थोमा तुम्ही आणा, आणि शेवटचे पान फाडू नका.”